मार्च आला म्हणून माग घ्यायचा का?

पत्र: ताई, इचलकरंजीत आम्हा दोघा भावांचे २४ साधे माग आहेत, भागीदारी फर्म आहे, वडिलांनी ८ मागांवर सुरू केलेलं. यंदा नफा बरा दिसतोय म्हणून सीए म्हणतात ३१ मार्चच्या आत नवीन रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे (शटललेस) वेगवान माग घ्या, सगळं मिळून ४० लाख, टॅक्स वाचेल. भावाचंही तेच. मुलगी पुण्यात एमए इकॉनॉमिक्स करते, ती म्हणते पप्पा घाई करू नका, निकोलस ब्लूम नावाच्या प्रोफेसरांनी तारापूरच्या कापड कारखान्यांवर संशोधन केलंय, मशीन न घेता तिथं उत्पादन वाढलं. भाऊ म्हणतो अमेरिकेतल्या प्रोफेसरला पत्र्याच्या शेडमधला माग काय कळणार. कामगार टिकत नाहीत, उन्हाळ्यात निम्मे गावाकडे जातात. बायको हिशेब लिहिते, ती म्हणते तुम्ही ठरवा. मला रात्री झोप लागत नाही, बीपीची गोळी चालू झालीय. कुणाचं ऐकू?

उत्तर:

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या झोपेच्या वाक्यापाशी थांबले, कारण ते तुम्ही अगदी शेवटी उरकल्यासारखं लिहिलंय आणि मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे. तर आधी सरळ सांगते, या मार्चला मशीन घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाहीये, या मार्चला नको. का ते नीट सांगते, कारण नुसतं ताई नको म्हणाल्या एवढ्यावर भाऊ ऐकणार नाही आणि त्यानं ऐकूही नये.

मी २३ वर्षं बँकेत लहान उद्योगांची कर्जं बघितली, त्यात कापडवाले भरपूर, त्यामुळे हा मार्चचा हिशेब मला पाठ आहे. तुमची भागीदारी फर्म म्हणजे टॅक्स सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के (नफा एक कोटीच्या आत आहे असं धरते). मशीनवर घसारा (झिजेपोटी दरवर्षी किमतीचा जो भाग खर्चात धरतात तो) १५ टक्के, शिवाय उत्पादन करणाऱ्याला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा, असे ३५ टक्के होतात आणि ऐकायला ते भारी वाटतं. पण मशीन त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर दोन्ही निम्म्यावर येतात. मार्चमध्ये घेतलं म्हणजे साडेसतरा टक्केच, ४० लाखांवर ७ लाख, आणि त्या ७ लाखांवरचा टॅक्स २ लाख १८ हजार ४००. यंदा वाचतात ते एवढेच. जादा घसाऱ्याचा राहिलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी मिळतो, तो बुडत नाही, हेही सांगून ठेवते.

आता दुसरी बाजू बघा. ४० लाखांत १० लाख तुमचे आणि ३० लाख कर्ज धरलं, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता महिन्याला ६५ हजारांच्या थोडा वर जातो आणि पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ३ लाखांच्या पुढं. व्याज खर्चात पडतं, त्याचाही टॅक्स वाचतो, ते वजा केलं तरी २ लाख १० हजार खिशातून गेलेच. म्हणजे यंदा जो टॅक्स वाचवला तो जवळजवळ सगळा पहिल्या वर्षाच्या व्याजानंच खाल्ला, आणि तुमचे स्वतःचे १० लाख मशीनमध्ये अडकले ते वेगळेच. आणि घसारा ही काही माफी नाही, पुढच्या वर्षांतला खर्च अलीकडं ओढून घेतलेला असतो, आज जास्त घेतला की पुढं कमी उरतो. बाहेरून आलेलं सेकंडहँड रॅपियर भाऊ बघत असेल (तुमच्याकडे बरेच जण बघतात) तर त्याला जादा घसारा मुळीच नाही, मग मार्चमधली बचत फक्त ९३ हजार ६०० रुपये. जीएसटीचंही विचारून घ्या, मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा धरता येत नाही, आणि तुमच्या कापडावरचा जीएसटी कमी दराचा असल्यानं ते क्रेडिट साठत जातं, मशीनवरचं क्रेडिट रिफंडात मागता येत नाही. हे सगळं सीएंना माहीत असतं, पण मार्चमध्ये त्यांच्यापुढं शंभर फायली असतात आणि तुम्ही त्यांना टॅक्स कसा वाचवू एवढंच विचारता, मग ते तेवढ्याचंच उत्तर देतात. त्यांना असं विचारा की टॅक्सचा विषय बाजूला ठेवला तर हे मशीन स्वतःचा हप्ता कमवेल का?

एक प्रसंग सांगते. एका वर्षी ३१ मार्चला रात्री अकरा वाजता आमच्या एका कर्जदाराचा फोन आला, मॅडम माग चालू झाला, या बघायला. शेडमध्ये गेले तर नवं कोरं मशीन, अर्ध्या भागावर अजून पॅकिंगचं प्लास्टिक तसंच, बाजूच्या मागाच्या लाईनवरून तात्पुरती वायर ओढलेली, आणि सगळं घर भोवती उभं. एक मीटरभर कापड विणलं, फोटो काढला, पेढे वाटले. मशीन वर्ष संपायच्या आत वापरात आलं असं दाखवायला ते मीटरभर कापड. नंतर कळलं की वाढीव वीजभार मंजूरच नव्हता, तो मिळायला जुलै उजाडला. हप्ता मेपासून सुरू झालेला. त्या गृहस्थांच्या बायकोनं बांगड्या गहाण टाकून दोन हप्ते भरले, आणि ते कर्ज मीच मंजूर केलेलं होतं, वीजभाराचं पत्र मी मागायला हवं होतं. ते मीटरभर कापड त्यांनी घडी करून ऑफिसातल्या कपाटात ठेवलं होतं, मला अजून दिसतं.

आता तुमच्या मुलीचे प्रोफेसर. निकोलस ब्लूम मूळचे इंग्लंडचे, आता स्टॅनफर्डला शिकवतात. भाऊ म्हणतो तसे नुसते पुस्तकी नाहीत, आणि टॅक्सच्या सवलतीच्या विरोधातले तर नाहीतच, त्यांची सुरुवातच लंडनच्या एका संस्थेत टॅक्सच्या अभ्यासानं झालीय. २००२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ९ देशांचे १९७९ ते १९९७ पर्यंतचे आकडे घेऊन बघितलं की संशोधनावर टॅक्समध्ये सवलत दिली तर कंपन्या खरंच संशोधनावर जास्त खर्च करतात का. उत्तर आलं, करतात, पण लगेच नाही. खर्च १० टक्क्यांनी स्वस्त झाला तर लगोलग वाढ जेमतेम १ टक्का, आणि काही वर्षं गेल्यावर हळूहळू ती १० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे टॅक्सनं माणूस हलतो, पण घाईत हललेला आणि विचार करून हललेला यात फरक आहे.

मशीनच्या घसाऱ्यावर तर अमेरिकेत एरिक झ्विक आणि जेम्स महॉन यांचं २०१७ चं काम आहे आणि ते वाचताना मला तुमच्यासारखी माणसंच डोळ्यांसमोर आली. तिकडं सरकारनं दोनदा जादा घसारा देऊ केला, एकदा २००१ नंतर आणि एकदा २००८ नंतर, आणि गुंतवणूक खरंच वाढली, पहिल्या वेळी १० टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या वेळी १७. पण लहान कंपन्यांनी मोठ्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट उडी मारली, आणि तीही जिथं पैसा याच वर्षी हातात दिसत होता तिथं. पुढच्या वर्षी मिळणाऱ्या फायद्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. म्हणजे मार्च आला की पाय शेडकडं आणि डोळे कॅटलॉगकडं, हे फक्त इचलकरंजीत होतं असं नाही. मग दुसऱ्या काही अर्थतज्ज्ञांनी त्याच सवलतीचं पुढं काय झालं ते अमेरिकेतल्या कारखान्यांत शोधलं. मशीनं वाढली, कामाला माणसंही जास्त लागली, ही चांगली गोष्ट आहे, पण माणशी पगार वाढला नाही आणि कारखान्याची उत्पादकताही वाढली नाही. उत्पादकता म्हणजे तेवढेच माग, तेवढीच माणसं, तेवढंच सूत, आणि त्यातून विकण्याजोगं जास्त कापड. जास्त मशीन आणून जास्त कापड काढणं ही वाढ झाली, ती वेगळी.

आणि इथंच तारापूर येतं. भावाला हा भाग वाचून दाखवाच. ब्लूम आणि त्यांचे चार सहकारी २००८ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि पलीकडं गुजरातेतलं उंबरगाव इथल्या सुती कापड विणणाऱ्या कारखान्यांत उतरले. १७ फर्म, त्यांचे मिळून २८ कारखाने, सगळ्या घरच्या मालकीच्या, तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, सरासरी २७० माणसं कामाला. म्हणजे तुमचं आणि त्यांचं माप एक नाही हे आधीच मान्य करते. पण त्यांच्या अहवालातली शेडची वर्णनं वाचा आणि सांगा ओळखीची वाटतात का. सुताच्या गोण्या अशा रचलेल्या की मागच्या काढायला पुढचा सगळा ढीग हलवावा लागतो. निरनिराळ्या जातीचं सूत एकत्र पडलेलं, कशावरही चिठ्ठी नाही. खाली दबून चेपलेले कोन (सुताच्या गुंडाळ्या), आणि चेपलेला कोन मागावर लावला की ताण सारखा राहत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. सुटे भाग कुठं आहेत ते एकाच माणसाला माहीत. आणि कारखान्यातली जवळजवळ पाचव्या हिश्श्याची माणसं नुसती कापड तपासण्यात आणि दोष दुरुस्त करण्यात, म्हणजे तुमच्या भाषेत मेंडिंगला, अडकलेली.

त्यांनी काय केलं तर एका कन्सल्टिंग कंपनीची माणसं फुकट दिली. चिठ्ठ्या टाकून ११ फर्मना पाच महिने मदत, एक महिना दुखणं शोधायला आणि चार महिने बदल करायला, आणि ६ फर्मना फक्त पहिला महिना, म्हणजे तुलना करता येईल. सांगितलं काय, तर अगदी साध्या ३८ गोष्टी. माग बंद पडला की का पडला ते लिहा. देखभाल ठरल्या दिवशी करा, मोडल्यावर नको. दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुठल्या जातीच्या कापडात आला ते रोज नोंदवा आणि रोज बसून त्यावर बोला. सुतावर चिठ्ठी लावा, किती आहे ते मोजा. चांगलं काम करणाऱ्याला त्याच्या कामाप्रमाणं जादा द्या. नवे माग घ्या असं कुठंही नाही. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष ४० टक्क्यांहून जास्त घटले, सुताचा साठा कमी झाला, कापड जास्त निघालं, आणि तीन वर्षांत यातल्या फर्मनी जास्त कारखाने उघडले. म्हणजे वाढले तेही दादा, पण नंतर, आधी घडी बसवून. हे सगळं २०१३ साली छापून आलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की हे आधी का केलं नव्हतं असं मालकांना विचारल्यावर बहुतेकांनी सांगितलं की आमची क्वालिटी चांगलीच आहे, शेजाऱ्यापेक्षा बरीच बरी आहे. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना तसं मनापासून वाटत होतं, कारण मोजलंच नव्हतं. मी बँकेत असताना किती कारखानदारांना विचारलं असेल, महिन्याला चिंध्या किती निघतात, आणि उत्तर नेहमी एकच, असतील थोड्याफार. कर्ज किती ते पैशापर्यंत पाठ आणि वेस्टेज थोडंफार.

मुलीनं पुढचं सांगितलंय का माहीत नाही, तेही सांगते म्हणजे चित्र पूर्ण होईल. आठ-नऊ वर्षांनी ही मंडळी परत त्याच कारखान्यांत गेली, तर शिकवलेल्या सुधारणांपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. मॅनेजर बदलला की वही बंद, मालकाला वेळ नाही की सकाळचं बोलणं बंद. तरीही ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा हे पुढंच होते, आणि काही सवयी त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांतही आपोआप पोचल्या होत्या. म्हणजे सुरू करणं अवघड नाही, टिकवणं अवघड आहे, आणि ते कुणीतरी एकानं अंगावर घ्यावं लागतं.

तो कुणीतरी कोण, तर इथं मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट बोलायचीय. ब्लूम आणि मंडळींना असं दिसलं की फर्म किती मोठी होणार हे मालकाच्या हुशारीपेक्षा घरात कामाला येऊ शकणारे पुरुष किती यावर ठरतं. दोन भाऊ असतील तर दोन शेड, मुलगे वाढले की शेड वाढतात. बाहेरच्या माणसावर भरवसा नाही, तो सूत विकून खाईल ही भीती, म्हणून सगळे निर्णय मालकाकडं, आणि मालक रात्री जागा. दादा, ही तुमचीच गोष्ट नाहीये का? तुम्ही लिहिता आम्हा दोघा भावांचे माग. मी तुमच्या पत्रात चौघं मोजली. वहिनी इतकी वर्षं हिशेब लिहितात, म्हणजे कुठल्या व्यापाऱ्याचं पेमेंट कधी येतं आणि कुठल्या महिन्यात ओढाताण होते ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि त्या तुम्ही ठरवा म्हणतात कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसणार. मुलीनं तर घरबसल्या तुमच्यासाठी हे संशोधन शोधून काढलं. तिला सुट्टीत दोन महिने शेडमध्ये बसवा. कामगारांसमोर तिला पोरगी म्हणून नका ओळख करून देऊ, ही आजपासून नोंदी बघणार म्हणून सांगा.

कामगारांबद्दल. ब्लूम यांचं आणखी एक काम आहे, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमधल्या सातशेच्या वर कारखान्यांचं, की कामगारांना घरासाठी वेळ, सोयीच्या पाळ्या असं दिलं तर उत्पादन वाढतं की बुडतं. आलेलं उत्तर मला आवडतं कारण ते कुणाचीच खोटी समजूत काढत नाही. नुसत्या सोयी दिल्या म्हणून उत्पादकता वाढत नाही, पण त्यानं ती घटतही नाही, आणि जे कारखाने नीट चालवलेले असतात तिथं सहसा दोन्ही सापडतं. म्हणजे माणसाला बरं वागवलं तर धंदा बुडेल ही भीती काढून टाका, आणि बरं वागवलं की आपोआप पैसे वाढतील अशी आशाही धरू नका, ते करायचं कारण वेगळं आहे.

उन्हाचं मात्र वेगळं. आपल्याकडचे अर्थतज्ज्ञ ई. सोमनाथन आणि सहकारी यांचं २०२१ चं काम आहे, त्यात सुरतेच्या विणकरांचे आकडेही आहेत, आणि देशभरातल्या कारखान्यांचे आकडे बघता वर्षाचं तापमान एक अंशानं वाढलं की वर्षाचं उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घटतं असं त्यांना दिसलं. गरम दिवसात माणूस कमी काम करतो आणि गैरहजरही जास्त राहतो. तुमचे निम्मे कामगार एप्रिल-मेमध्ये गावाकडे जातात त्याला लग्नसराई आणि शेती ही कारणं आहेतच, पण दुपारी तीन वाजता त्या पत्र्याखाली तुम्ही स्वतः पाळीभर उभे राहून बघा. नुसते पंखे लावून भागत नाही हेही कळतं मला, हवा कोरडी झाली की ताणा (कापडाचे उभे धागे) तुटायला लागतो, शेडमध्ये ओल लागतेच. पण पत्र्याला वरून पांढरा रंग, वरची गरम हवा बाहेर जायला वाट, माठ नाहीतर थंड पाण्याची सोय मागांच्या ओळीत जवळच, दुपारची सुट्टी थोडी मोठी, याला ४० लाख लागत नाहीत. आणि मजुरी पीस रेटवर, म्हणजे विणलेल्या कापडाप्रमाणं असेल, तर बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) नाही किंवा वीज नाही म्हणून माग उभा राहिला तेव्हा कामगाराचे पैसे बुडतात, त्याची चूक नसताना. टिकत नाहीत म्हणता, तर त्यांच्या बाजूनं हा हिशेब करून बघा. एखादा चांगला विणकर जातो तेव्हा जाताना भांडून जात नाही, नुसता पगारानंतर येत नाही, म्हणून मालकाला कारण कधी कळतच नाही.

भावाचा मुद्दा मी बाजूला टाकत नाहीये, तो म्हणेल थांबलो तर मागं पडू, आसपासचे सगळे शटललेस घेतायत. त्याचं म्हणणं खरं आहे, साध्या मागावर सगळं आयुष्य निघणार नाही आणि एखादा व्यापारी जास्त पन्ह्याच्या कापडाची दोन-तीन वर्षांची खात्रीची ऑर्डर देत असेल, तर मी स्वतः म्हणेन घ्या. पण सुताचा भाव महिन्यात दोनदा बदलतो, ऑर्डर तोंडी, अशा वेळी थांबण्याला किंमत असते. ब्लूम यांचं २००९ चं गाजलेलं काम याच्यावरच आहे, पुढचं दिसेनासं झालं की कंपन्या मशीन आणि माणसं घेणं थांबवतात, आणि मशीन एकदा घेतलं की परत देता येत नाही म्हणून ते थांबणं शहाणपणाचं असतं. सगळा देश एकदम थांबला तर देशाचं नुकसान होतं हेही तेच दाखवतात, पण देशाचा भार तुमच्या २४ मागांवर नाहीये. तुम्ही सहा महिने थांबा, एवढंच.

तर आता काय करायचं. उद्यापासून प्रत्येक चार मागांमागं एक जाड वही आणि दोरीला बांधलेलं पेन. माग थांबला की वेळ आणि कारण, ताणा तुटला, कांडी (आडव्या धाग्याची) संपली, बीम नाही, जॉबर (माग दुरुस्त करणारा) आला नाही, वीज गेली, एवढेच शब्द, कामगाराला लिहिता येत नसेल तर खुणा ठरवा. आधीच सगळ्यांना बसवून सांगा की या वहीवरून कुणाचाही पैसा कापला जाणार नाही, आणि तो शब्द पाळा, कारण एकदा जरी कापला तरी त्या दिवसापासून वही खोटी होईल. चिंध्या रोज तराजूवर वजन करून लिहा. सुताच्या प्रत्येक गोणीवर तारीख आणि काउंट (सुताच्या जाडीचा नंबर), जुनी गोणी पुढं. मेंडिंगला बसणाऱ्या बायकांना विचारा कुठल्या मागाचं कापड सारखं येतं, त्यांच्याकडं हे ज्ञान आयतं आहे. वहिनी आठवड्याला बेरीज करतील आणि मुलगी फोनवर बघेल.

सोबत येणी बघा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या, असेल तर बिलावर तो नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि मुदतीत नाही दिलं तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी टॅक्ससाठी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच धरता येतो. मार्चमध्ये ही गोष्ट व्यापाऱ्याला नम्रपणे आठवण करून द्यायला फार उपयोगी पडते. तुमचा अडकलेला पैसा आला तर यंदाचा टॅक्स भरायलाही सोपं जाईल. आणि हो, टॅक्स भरा. नफ्याची चांगली रिटर्न ही उद्या बँकेत तुमच्या बाजूनं बोलणारी कागदपत्रं असतात, नफा दाबून दाखवलेला माणूस मग कर्ज मागायला आला की आमचे हात बांधलेले असायचे.

पाच महिन्यांच्या वह्या झाल्या की ऑगस्टमध्ये चौघं बसा. माग बंद राहण्याचं मोठं कारण बीम वेळेवर न येणं निघालं तर रॅपियरवरही बीम वेळेवर येणार नाहीच, मग सायझिंगवाल्याशी (ताण्याला खळ लावून बीम देणाऱ्याशी) बोलायला लागेल. मागच जुने झालेत, जॉबर रोज त्याच आठ मागांवर असतो असं निघालं तर ते आठ काढून त्या जागी रॅपियर घ्यायचं कारण तुमच्या हातात लिहून असेल. तसं ठरलंच तर वीजभार आधी मंजूर करून घ्या आणि मशीन सप्टेंबर संपायच्या आत चालू करा, म्हणजे १८० दिवस भरतात आणि त्याच वर्षी पूर्ण ३५ टक्के घसारा मिळतो, सीएही खूश आणि भाऊही. अनुदान मिळेल असं कुणी एजंट म्हणाला तर ते हिशेबात धरू नका, केंद्राची जुनी तंत्रज्ञान सुधारणा योजना मार्च २०२२ लाच संपलीय, राज्याचं काय चालू आहे ते स्वतः ऑफिसात जाऊन कागदावर बघा.

बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि रात्री अकरानंतर भावाशी मशीनवर बोलू नका, सकाळी शेडमध्ये माग चालू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं बोला, दोघंच, वही मध्ये ठेवून. पहिल्या पंधरा दिवसांच्या पानांचे फोटो मला पाठवा, माग नंबर दिसतील असे काढा.